तलवारीवरचं नाव आणि उद्याचा अजब बंगला

२०२५ या एका वर्षात दोन जुन्या शस्त्रांनी नागपूरकरांना बोलायला विषय दिला. पहिली वाघनखं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आलेली ही वाघनखं साताऱ्याचा मुक्काम आटोपून फेब्रुवारीत नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, आली. दुसरी एक तलवार. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची ही तलवार एप्रिलमध्ये लंडनला लिलावात निघाली. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली, सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये मोजले आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत उतरली.

या दोन शस्त्रांत एक फरक आहे आणि संग्रहालयांचं पुढे काय होणार, हे समजून घ्यायला तो फार उपयोगी पडतो. वाघनखं शिवाजी महाराजांचीच का, यावर वाद झाला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ साताऱ्याला असताना ती त्याला मिळाली असं सांगतात, पण त्याच्या आधीचा कागद नाही. अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखं ती हीच, हे पडताळून पाहता येत नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालयही म्हणतं. तलवारीबाबत हा प्रश्नच उठला नाही. पातं युरोपी बनावटीचं, मूठ मुल्हेरी घाटाची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव आहे: श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा. कुण्या कारागिराने अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी ही अक्षरं घातली आणि तलवार कितीही हातांतून फिरली तरी ओळख विसरली नाही.

वस्तू आणि तिची नोंद एकत्र असली की ती बोलते. नोंद हरवली की वस्तू मुकी होते. त्रिमितीय स्कॅन, कृत्रिम बुद्धिमत्ता, आभासी दालनं हे सगळं संग्रहालयांच्या दारात येऊन उभं आहे. त्यातलं काय कामाचं आणि काय नुसता झगमगाट, हे ठरवायला मला हीच एक कसोटी पुरेशी वाटते.

बंगला अजब का झाला

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने ते सिव्हिल लाइन्समध्ये उभं राहिलं. पेंढा भरलेले प्राणी, दगडी मूर्ती, शस्त्रं, आदिवासींच्या वापरातल्या वस्तू, नाणी असं सगळं एका छताखाली पाहून लोकांनी त्याला अजब बंगला म्हटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे आलेल्या पोट्ट्यांना तिथे नेऊन आणायचं, ही नागपूरची रीत कितीतरी पिढ्यांची.

त्याच १८६३ साली नागपूरजवळ एक अपघात झाला. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी गोंडांची भाषा, गाणी, रूढी यांच्या टिपणांनी वह्या भरत होते आणि दगड, जीवाश्मही गोळा करत होते. हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचं नाव चालवतं. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबरला पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. टिपणं मात्र वाचली. टेंपल यांनी ती नीट लावून १८६६ मध्ये छापली आणि मध्य भारतातल्या आदिवासींविषयी अभ्यास करणाऱ्याला ती आजही चाळावी लागतात. माणूस गेल्यावर नोंदीने त्याचं काम पुढे नेलं.

तिरप्या उजेडाची करामत

आता तंत्रज्ञानाकडे वळू आणि सुरुवात एका दगडापासून करू. अजब बंगल्यात परमार राजा नरवर्म्याच्या काळचा एक शिलालेख आहे. विक्रम संवत ११६१, म्हणजे इ. स. ११०४-०५ चा. अभ्यासक त्याला नागपूर प्रशस्ती म्हणतात. तो छापून अभ्यासकांपुढे ठेवणाऱ्या पहिल्या मंडळींत ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर होते आणि ते साल होतं १८४३. पुढे नागपूरचेच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटक, कलचुरी आणि शिलाहार राजांचे लेख संपादून जाडजूड ग्रंथ सिद्ध केले.

या मंडळींची पद्धत ठशाची. ओला कागद दगडावर चिकटवायचा, कुंच्याने ठोकून अक्षरांच्या खोबणीत बसवायचा, वरून शाई फिरवायची. कागद वाळून निघाला की काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. पद्धत उत्तम, पण झिजलेला दगड दर वेळी ठोकून घेणं बरं नव्हे. शिवाय खोबण फारच उथळ झाली असेल तर शाई तिथे फसवते.

२००१ मध्ये ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. वहीच्या वरच्या पानावर दाबून लिहिलं की खालच्या कोऱ्या पानावर वळ उठतात. पान समोरून पाहिलं तर काही दिसत नाही, बॅटरी तिरपी धरली की अक्षरं उभी राहतात. हेच तत्त्व. कॅमेरा एका जागी पक्का करायचा, दिवा मात्र लेखाभोवती घुमटासारखा फिरवत वेगवेगळ्या कोनांतून पन्नास-साठ फोटो घ्यायचे. चौकटीत एक चकचकीत काळा गोळा ठेवायचा. त्यावर पडलेल्या तिरिपीवरून दिवा कुठे होता, हे संगणकाला कळतं. मग तो फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा उतार मोजतो. यानंतर दगडाची गरज नाही. पुण्यात किंवा पॅरिसमध्ये बसलेला वाचक पडद्यावर हवा तसा उजेड फिरवून झिजलेलं अक्षर शोधू शकतो, आणि दगडाला कुणी बोटही लावलेलं नसतं.

मूर्तीसाठी याची बहीण म्हणावी अशी पद्धत आहे. वस्तूच्या चहूबाजूंनी, एकमेकांवर बरेचसे चढतील असे दोन-तीनशे फोटो काढायचे. एकच खूण अनेक फोटोंत सापडली की कॅमेरा कुठे होता आणि ती खूण किती लांब, हे भूमितीने काढता येतं. अशा लाखो खुणा जोडून मूर्तीचा त्रिमितीय आराखडा तयार होतो. चांगला मोबाइलही या कामाला चालतो. म्हणजे आता अडचण यंत्राची उरलेली नाही. फोटो काढलेली मूर्ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळातली, हे कुणाला सांगता येतं का, अडचण तिथे आहे.

गुंगेरियाचं तांबं आणि विखुरलेली भावंडं

१८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरं चारणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला तांब्याचा तुकडा दिसला. खणल्यावर ठेवाच निघाला. तांब्याच्या ४२४ वस्तू, बहुतेक चपट्या कुऱ्हाडी आणि लांब पहारीसारखी हत्यारं, वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे पावणेचारशे किलो. सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे, काही गोल, काही शिंगं असलेल्या बैलाच्या डोक्यासारखे. सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचं हे धन. भारतात तांब्याचे प्राचीन साठे बरेच सापडले, पण इतका मोठा दुर्मीळच.

बालाघाट तेव्हा मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. त्यामुळे ठेव्याचा काही भाग अजब बंगल्यात आला, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला, बाकीचा इतर संग्रहालयांत वाटला गेला. वाटणी झाली आणि ठेव्याचा अर्थही वाटला गेला. हे सगळं एकाच तांबटाच्या हातचं की गावोगावहून गोळा केलेलं? कुऱ्हाडी वापरातल्या की देवाला वाहायच्या? एकेकटी कुऱ्हाड पाहून हे सांगता येत नाही.

इथे नवं तंत्र खरोखर कामाचं आहे. प्रत्येक तुकड्याचा त्रिमितीय आराखडा केला तर लंडनची कुऱ्हाड आणि नागपूरची कुऱ्हाड पडद्यावर एकीवर एक ठेवून पाहता येईल आणि हातोड्याच्या खुणा जुळतात का, ते तपासता येईल. हातात धरता येणारं क्ष-किरण यंत्र वस्तूवर रोखलं की धातूतली मूलद्रव्यं आपापल्या ठराविक किरणांनी उत्तर देतात. तुकडा न कापता तांब्यात काय मिसळलंय, ते कळतं. अशी जोडणी जगात झालेली आहे. कोडेक्स सायनायटिकस हे बायबलचं चौथ्या शतकातलं हस्तलिखित लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई इथल्या चार संस्थांत विभागलेलं होतं. २००९ मध्ये त्याची पानं संकेतस्थळावर पुन्हा सलग झाली.

पडद्यावरची भेट म्हणजे घरवापसी नव्हे, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. रघुजींच्या तलवारीचा सुंदर आराखडा लंडनहून ईमेलने आला असता तर तिच्या स्वागताला कुणी जमलं नसतं. लोकांना खरी वस्तू हवी असते. आराखडा अभ्यासाला, वस्तू जिव्हाळ्याला. उद्याच्या संग्रहालयाला दोन्ही सांभाळावं लागेल.

पिसदुऱ्याचा धडा

नोंदीसह जपलेली क्षुल्लक वस्तू पुढे काय सांगेल, याचा नेम नसतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शिवारात डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांची अश्मीभूत विष्ठाही सापडते. दिसायला साधे गोटे. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी अशा गोट्यांत गवताचे पुरावे शोधले. गवताच्या पेशींत गारेचे सूक्ष्म कण साठतात. गवताच्या गटागटांत कणांचा आकार वेगळा आणि ते कुजत नाहीत. विष्ठेत भात-बांबूच्या दूरच्या नातलगांसह गवताच्या निदान पाच प्रकारांचे कण निघाले. डायनोसॉर नाहीसे झाल्यावरच गवत आलं, हा समज त्या दिवशी बदलला.

या शोधात सूक्ष्मदर्शकाइतकंच महत्त्व ‘पिसदुरा’ या शब्दाला आहे. हा गोटा कुठल्या थरातला, हे ठाऊक नसतं तर तो गोटाच राहिला असता. संग्रहालयाच्या कोठीत धूळ खात पडलेल्या खोक्याला चिठ्ठी असणं म्हणूनच मोलाचं. प्रश्न पुढच्या पिढीला सुचणार असतो, चिठ्ठी मात्र आपल्यालाच लिहून ठेवावी लागते.

यंत्राला रिकामी जागा खपत नाही

कृत्रिम बुद्धिमत्तेचं तर सगळीकडेच नाव निघतं. संग्रहालयांना तिचा उपयोग तीन ठिकाणी लगेच दिसतो. एक, जुन्या लिप्या वाचणं. भोसल्यांच्या नागपूरचा कारभार मोडीत चालला. मोडीची दफ्तरं प्रचंड आणि वाचणारे मोजके. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं प्रारूप मांडलं. ते चुका करेल, जाणकाराला तपासावं लागेल, पण गठ्ठ्यातला कोणता कागद आधी वाचायचा, एवढं कळलं तरी वर्षं वाचतात. दोन, हजारो वस्तूंच्या फोटोंतून सारख्या घडणीच्या वस्तू निवडणं. तीन, एकच माहिती शाळकरी मुलाला, परदेशी पाहुण्याला आणि अभ्यासकाला त्याच्या त्याच्या भाषेत सांगणं.

धोका तिसऱ्यातच आहे. नोंदीत फक्त ‘दगडी मूर्ती, विदर्भ’ एवढंच असेल तर जुना संग्रहपाल पाटीवर तेवढंच लिहून गप्प बसायचा. भाषा जुळवणाऱ्या यंत्राला गप्प बसणं जमत नाही. ते शतक सांगेल, राजवंश सांगेल, एखादी आख्यायिकाही जोडेल, आणि हे सगळं अशा सफाईने की खरं वाटावं. वाघनखांवर निदान वाद तरी झाला. यंत्राने गुळगुळीत करून दिलेल्या पाटीवर वादही होणार नाही.

म्हणून या सगळ्याच्या आधीचं एक नीरस काम महत्त्वाचं ठरतं. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी संगणकप्रणाली बनवली, तिचं नावच ‘जतन’. वस्तूचं नाव, घडण, माप, सापडल्याचं ठिकाण, ती संग्रहालयात कशी आली, अशा रकान्यांत ती नोंद घेते. देशातल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अनेक संग्रहालयांच्या नोंदी तिच्यातून ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर आल्या. रकाने भरण्यात ना रोषणाई ना उद्घाटनाची फीत, पण पुढचे सगळे मजले याच पायावर चढतात.

हात लावू नका, हात लावून पाहा

संग्रहालयात येणारा माणूसही बदलतो आहे. १८६३ च्या अजब बंगल्यात त्याने हात मागे बांधून बघायचं होतं. गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात, १९९२ पासून, नेमका उलटा नियम आहे: हँडल फिरवा, बटण दाबा, काय होतं ते बघा. चंद्रशेखर वेंकट रमण अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपूरला होते, त्यांचं नाव या केंद्राला दिलं. तिथे वाढलेली मुलं आता आईबाप झाली आहेत. त्यांना आणि त्यांच्या पोरांना काचेमागची कुऱ्हाड पुरत नाही.

यावर एक साधा उपाय त्रिमितीय छपाईने दिला आहे. मूळ कुऱ्हाड काचेतच राहू द्यावी, शेजारी तिची हुबेहूब छापील प्रत हातात घ्यायला ठेवावी. मुलांना मजा येईल आणि दृष्टिहीन माणसाला पहिल्यांदाच संग्रहालय ‘दिसेल’. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये स्पर्शाने पाहायच्या प्रतिकृतींचं ‘अनुभव’ नावाचं दालन सुरू केलं. नागपुरात गुंगेरियाच्या कुऱ्हाडीपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

दुसरा बदल अधिक खोल आहे. कोण कुणाविषयी बोलतंय, हे लोक विचारू लागले आहेत. नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने, पण संग्रहालयात गोंड आले ते अभ्यासाचा विषय म्हणून. वस्तू त्यांची, पाटी इंग्रजीत किंवा मराठीत, माहिती साहेबाच्या टिपणातली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची व्याख्या नव्याने केली. तिच्यात सर्वसमावेशकता आणि लोकसमुदायांचा सहभाग हे शब्द आले. शब्द मोठे, काम मात्र पाटीपासून सुरू करता येतं. बालाघाटच्याच मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी रचली. २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली आणि पुढच्याच वर्षी गुंजाळा गोंडी लिपीही आली. म्हणजे गोंडी पाटी मोबाइलवर झळकवायला आता तांत्रिक अडथळा नाही. पाटीवर काय लिहायचं, ते मात्र गोंडी बोलणाऱ्यांना विचारायला हवं.

कधीकधी ते म्हणतील, हे सगळ्यांना दाखवायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांसोबत घडवलेल्या ‘मुकुर्तू’ या प्रणालीत कोणता फोटो कुणी पाहावा, हे समाज स्वतः ठरवतो. सगळं सगळ्यांना खुलं, हा इंटरनेटचा धर्म. तो देवघरातल्या वस्तूला लागू होईलच असं नाही.

तिसरं चित्र चिचोलीच्या शांतिवनात दिसतं. वामनराव गोडबोले यांच्या धडपडीतून उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात बाबासाहेब आंबेडकरांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत, त्यांत कोट आणि टंकलेखन यंत्रही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटतो, त्याच भावनेने लोक इथेही येतात. वस्तूपुढे हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला आभासी चष्मा देऊन काय साधणार? तिथे कोटाचं कापड पुढची शंभर वर्षं टिकवणं, हेच सर्वांत आधुनिक तंत्र.

नवतपा, आग आणि डिजिटल वाळवी

टिकवण्याची गोष्ट नागपुरात नवतप्याशी येऊन भिडते. मे अखेर पारा पंचेचाळिशीच्या वर, हवा कोरडी ठाक. पंधरा-वीस दिवसांत पाऊस लागतो आणि तीच हवा ओलीचिंब. लाकूड आक्रसतं, फुगतं, चिरतं. कापड आणि कागदाला बुरशी धरते. नुसत्या उष्णतेपेक्षा ही उलथापालथ वस्तूंना अधिक जाचते. काडेपेटीएवढे संवेदक कपाटात ठेवले तर तापमान आणि दमटपणाची दर तासाची नोंद मिळते आणि कुठल्या दालनाला आधी उपचार हवेत, ते कळतं. पुन्हा नोंदच.

आणि आग. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ ला जळालं. ब्राझीलमध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री खाक झालं आणि आज कुणीच बोलत नाही अशा आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणं त्यात गेली. प्रती दुसरीकडे असत्या तर आवाज वाचले असते. आपल्याकडेही असे आवाज आहेत. मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, इंजिनं तिथे उभी आहेत. पण नागपूर-छिंदवाडा आणि नागपूर-नागभीड या छोट्या गाड्या गेल्या दहा-बारा वर्षांतच थांबल्या. त्या चालवणारे, त्यांतून बाजाराला जाणारे, स्टेशनावर शेंगा विकणारे लोक अजून आहेत. त्यांचं बोलणं मुद्रित करायला मोबाइल पुरतो, मात्र बोलणाऱ्याचं गाव आणि तारीख सोबत लिहून ठेवली पाहिजे.

डिजिटल झालं म्हणजे अमर झालं, अशीही समजूत नको. फ्लॉपीवर जपलेलं आज कोण उघडून दाखवणार? फायलींनाही वाळवी लागते, ती फक्त दिसत नाही. दर काही वर्षांनी त्या नव्या रूपात उतरवून घ्याव्या लागतात, प्रती दोन-तीन गावी ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी दरवर्षी पैसा आणि माणूस लागतो. स्कॅनर एकदा विकत घेता येतो, संग्रहपालाची रिकामी खुर्ची तशी भरत नाही.

इतवारीतलं भांडं

आपल्या आज्यांना हे सगळं ठाऊक होतं. इतवारीच्या भांडेबाजारातून पितळेचा गंज किंवा स्टीलचा डबा घेतला की त्यावर नाव घातल्याशिवाय तो घरी येत नसे. कुणी दिलं, कुणाला, कोणत्या लग्नात, तारखेसह. नाव घालणारा माणूस टकटक करत चार ओळींत अख्खं नातं कोरून द्यायचा. साठ वर्षांनी भांडं पालथं घातलं की आत्या, मामा, लग्नाची तिथी सगळं हाती येतं.

रघुजींच्या तलवारीवर त्या कारागिराने तेच केलं होतं. अजब बंगल्यात उद्या कितीही पडदे लागोत, दारातून आत येणारी प्रत्येक वस्तू आधी पालथी घालून पाहायची आणि नाव नसेल तर शोधून घालायचं. मग खुशाल स्कॅन करावं.